विश्लेषण : तिर्रट येते म्हणून पोकर जमेल? गोव्यातील कॅसिनोत पहिल्यांदा बसण्याआधी काय माहीत हवे?

फुलसावंगीसारख्या गावात तीन पत्ती कुणाला शिकवावी लागत नाही. पोळा असो की दिवाळी, पत्त्यांचा कॅट निघतो आणि डाव बसतो. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये ज्याचा उल्लेख ‘तिर्रट’ म्हणून येतो तो हाच खेळ. महागाव तालुक्यातील या गावापासून गोवा तसा लांब. नांदेड, सोलापूर, कोल्हापूर करत जायचे तर प्रवासातच जवळपास दिवस जातो. तरीही कापूस-सोयाबीनचे पैसे हाती आले की चार-सहा मित्रांची गोवा सहल ठरते आणि त्यात ‘एक रात्र कॅसिनो’ असतेच. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. तेव्हापासून मोबाइलवर पोकर शिकलेल्यांनाही पैसे लावून खेळायचे तर कायदेशीर टेबल कॅसिनोतच सापडते. पत्ते तेच बावन्न, इस्पिक-बदाम-चौकट-किलवरही तेच. पण तिर्रटची सवय पोकरच्या टेबलावर नेली तर जिंकलेला डावही हातचा जातो, तो कसा हे आधी समजून घेतलेले बरे.

पोकरचा डाव चालतो कसा?

कॅसिनोत सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे ‘टेक्सास होल्डेम’. एका टेबलावर साधारण नऊ खेळाडू बसतात. पत्ते पिसून वाटणारा डीलर हा कॅसिनोचा कर्मचारी असतो, तो स्वतः खेळत नाही. ‘डीलर’ असे लिहिलेले एक गोल बटन दर डावाला एकेक खेळाडू पुढे सरकते. ज्याच्यासमोर ते बटन असेल त्याच्या डावीकडच्या दोघांनी पत्ते पाहण्याआधीच ठरलेली रक्कम टाकायची असते. ५०-१०० च्या टेबलावर पहिला ५० रुपये टाकतो, दुसरा १००. या सक्तीच्या रकमेला ‘ब्लाइंड’ म्हणतात.

पहिला गोंधळ इथेच होतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न पाहता खेळणे, आणि त्यात फायदा असतो, कारण न पाहणाऱ्याला पाहणाऱ्याच्या निम्म्याच रकमेची चाल द्यावी लागते. पोकरमध्ये असला काही फायदा नाही. पत्ते पाहा किंवा पाहू नका, रक्कम सगळ्यांना सारखीच. तेव्हा रुबाब म्हणून पत्ते न पाहता पैसे टाकणारा इथे फक्त बाकीच्यांची सोय करत असतो.

प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात. पहिली बोली होते. मग टेबलाच्या मध्यभागी तीन पत्ते उघडे मांडले जातात (फ्लॉप), पुन्हा बोली. चौथा पत्ता (टर्न), पुन्हा बोली. पाचवा (रिव्हर), शेवटची बोली. मधले पाच पत्ते सगळ्यांचे सामाईक. स्वतःचे दोन आणि मधले पाच अशा सातांतून सर्वांत चांगले पाच पत्ते ज्याचे, त्याचा पॉट. आपली पाळी आल्यावर पॅक व्हायचे (फोल्ड), समोरच्याइतके पैसे टाकायचे (कॉल) किंवा वाढवायचे (रेज). आधी कुणीच पैसे लावलेले नसतील तर काहीही न टाकता पाळी पुढे देता येते, त्याला ‘चेक’ म्हणतात. तीन पत्तीत चेक नसल्याने नवखा खेळाडू फुकट पाहता येणाऱ्या पत्त्यासाठीही पैसे टाकून बसतो, किंवा चेक करता येत असताना पॅक होतो. दोन्ही चुका टेबलावर सर्रास दिसतात.

साइड शो इथे नाही. पैसे देऊन ‘शो’ मागण्याचीही पद्धत नाही. शेवटची बोली संपली की उरलेले खेळाडू पत्ते उघडतात, इतकेच. आणि एक नियम नवख्याच्या हिताचा आहे. डाव सुरू होताना टेबलावर जेवढ्या चिप्स होत्या तेवढ्याच त्या डावात लावता येतात. मध्येच पाकीट काढता येत नाही, मित्राकडून उसने घेता येत नाही. चिप्स संपल्या तर ‘ऑल-इन’ होऊन शेवटपर्यंत बसता येते. इतरांची पुढची बोली वेगळ्या पॉटमध्ये जाते. पैशांच्या जोरावर समोरच्याला डावातून हुसकून लावण्याचा तीन पत्तीतला प्रकार त्यामुळे इथे चालत नाही.

कोणता हात मोठा?

तीन पत्तीचा क्रम पाठ असलेल्याला सर्वांत महाग पडणारा फरक हाच. तीन पत्तीत ट्रेल सर्वांत वर, मग प्युअर सिक्वेन्स, सिक्वेन्स, कलर, जोडी. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर आहे आणि ट्रेल या दोघांच्याही खाली. वरून खाली क्रम असा: एकाच रंगाचा सिक्वेन्स, चार सारखे पत्ते, फुल हाउस (तीन सारखे अधिक एक जोडी), कलर, सिक्वेन्स, तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी आणि शेवटी नुसता मोठा पत्ता.

हा उलटफेर कुणाच्या मर्जीने झालेला नाही, त्यामागे गणित आहे. बावन्न पत्त्यांतून तीन उचलण्याच्या २२,१०० वेगवेगळ्या तऱ्हा होतात. त्यांत साधा सिक्वेन्स ७२० वेळा आणि कलर १,०९६ वेळा बनतो. म्हणजे तीन पत्त्यांत सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तो मोठा. पाच पत्त्यांच्या तऱ्हा २५,९८,९६०. त्यांत सिक्वेन्स १०,२०० वेळा येतो, कलर ५,१०८ वेळा. पाच पत्ते एकाच रंगाचे जुळणे जास्त अवघड, म्हणून इथे कलर मोठा. तीन सारखे पत्ते तर ५४,९१२ वेळा येतात. (तीन पत्तीवालेही गणितात पक्के नाहीत बरे! तिथे ट्रेल ५२ प्रकारे बनते आणि प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे. हिशेबाने प्युअरच वर हवा होता.)

जिंकलेला डाव हातचा कसा जातो?

५०-१०० च्या टेबलावरचा एक काल्पनिक डाव पाहू. नवख्याच्या हातात बदामचा एक्का आणि बदामची अठ्ठी. त्याने ३०० रुपये केले, एकाने कॉल दिला, ब्लाइंडवाले दोघे पॅक झाले. पॉट ७५०. फ्लॉपला बदाम राजा, बदाम चौकी, किलवर नव्वी. आणखी एक बदाम आले की कलर. समोरच्याने ४०० लावले, नवख्याने दिले, पॉट १,५५०. टर्नला इस्पिक गुलाम आला आणि समोरच्याने १,००० लावले.

इथे थांबून हिशेब करायला हवा. पॉटमध्ये आता २,५५० आहेत आणि ते मिळवण्यासाठी १,००० टाकायचे आहेत. हा सौदा परवडायला जिंकण्याची शक्यता किमान २८ टक्के हवी. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम नऊ. म्हणजे शक्यता २० टक्क्यांहूनही किंचित कमी. पॅक होणे शहाणपणाचे. तरी नवख्याने पैसे टाकले असे धरू. रिव्हरला बदाम दुर्री आली. कलर झाला! समोरच्याने १,५०० लावले, नवख्याने कॉल दिला. पॉट ६,५५०.

समोरच्याने राणी आणि दश्शी उघडली: नव्वी, दश्शी, गुलाम, राणी, राजा. सिक्वेन्स. तीन पत्तीत मुरलेले डोके सांगते, कलर हरला. हात आपोआप पुढे जातो आणि एक्का-अठ्ठी पालथे डीलरकडे फेकले जातात. पत्ते फेकलेल्या गठ्ठ्यात मिसळले की तो हात मेला. ६,५५० रुपये समोरच्याकडे सरकतात आणि टेबलावर कुणी काही बोलत नाही, कारण दुसऱ्याच्या हातावर बोलायला नियमानेच मनाई आहे.

यावर उपाय अगदी साधा आहे. शेवटपर्यंत पैसे टाकले असतील तर दोन्ही पत्ते टेबलावर उताणे ठेवायचे आणि हात बाजूला घ्यायचे. उघडे पत्ते काय आहेत हे वाचणे डीलरचे काम आहे. खेळाडूला स्वतःचा हात ओळखता आला नाही तरी उघडलेल्या पत्त्यांची किंमत कमी होत नाही. पॉट आपल्याकडे येईपर्यंत किंवा डीलर स्पष्ट ‘हरला’ म्हणेपर्यंत पत्त्यांना हात लावू नये. पहिल्या रात्रीसाठी पोकरचा एकच नियम लक्षात ठेवायचा असेल तर हा.

टेबलावर वागायचे कसे?

ओसरीवरच्या डावात तोंडी हिशेब, थट्टा, ‘थांब रे, बदलतो’ हे सगळे चालते. कॅसिनोत तोंडातून निघालेला शब्द म्हणजे केलेली चाल. पाळी आल्यावर ‘कॉल’ म्हटले तर कॉलच, मग समोरच्याचे १०० नसून १,००० होते हे नंतर कळले तरी बहुतेक ठिकाणी माघार नाही. रेज करायची तर आधी ‘रेज’ म्हणून रक्कम सांगावी आणि चिप्स एकदम पुढे ठेवाव्यात. ‘तुमचे पाचशे… आणि वर हजार’ असे चित्रपटात शोभते. टेबलावर पहिल्या वाक्याला कॉल धरला जातो आणि ‘वर हजार’ परत मिळतात. चिप्स दोन खेपांत सरकवल्या तरी तेच.

नवख्यांना हमखास चकवणारी आणखी एक गोष्ट मोठ्या चिपची. समोर १०० रुपयांची बोली असताना न बोलता ५०० ची एकच चिप टाकली तर तो कॉल समजला जातो आणि ४०० परत येतात. वाढवायचेच होते तर तोंडाने सांगायला हवे होते.

पाळी नसताना पॅक होऊ नये. आपण बाहेर पडणार हे आधीच कळले की मधल्या खेळाडूचा फायदा होतो आणि कुणाचे तरी नुकसान. पत्ते टेबलावरून उचलून छातीशी धरायचे नाहीत, टेबलावरच कोपरा उचलून पाहायचे. वर एक चिप ठेवावी, म्हणजे डीलर चुकून ते ओढून घेत नाही. शेजारी बसलेल्या मित्राला पत्ते दाखवून ‘काय करू’ विचारणे तर थेट नियमभंग आहे: एक हात, एक खेळाडू. मित्रांनी मिळून एकाच टेबलावर बसायचे ठरवले असेल तर हे आधीच आपसांत बोलून घ्यावे. एकमेकांवर पैसे न वाढवणे, वऱ्हाडीत खुणेचे बोलणे, यांना संगनमत म्हणतात आणि त्यासाठी टेबलावरून उठवले जाते. डाव सुरू असताना फोनवर बोलणेही बहुतेक ठिकाणी चालत नाही.

वाद झाला तर डीलरशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. ‘फ्लोर’ म्हणून हाक मारली की पर्यवेक्षक येतो, त्याचा निर्णय अंतिम. आणि पहिल्यांदाच बसतो आहे हे डीलरला सांगायला लाजू नये. अनुभवी खेळाडूंना ते तसेही दोन डावांत कळलेलेच असते. सांगितल्याने निदान डीलर पाळीची आठवण करून देतो.

‘पोकर’ लिहिलेले प्रत्येक टेबल पोकरचेच असते का?

नाही, आणि हा फरक प्रवेशद्वारातच कळलेला बरा. होल्डेममध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात, कॅसिनो फक्त जागा आणि डीलर पुरवून प्रत्येक पॉटमधून आपला वाटा काढते. त्याला ‘रेक’ म्हणतात. जगभर पाच टक्क्यांच्या आसपासचा दर आणि वर कमाल मर्यादा, अशी पद्धत सर्रास दिसते. याउलट ‘थ्री कार्ड पोकर’, ‘कॅसिनो होल्डेम’ किंवा तीन पत्तीसारख्या ‘इंडियन फ्लश’मध्ये सामना थेट कॅसिनोशी असतो. तिथे समोरच्याला वाचण्याचा प्रश्नच नाही. नियमच असे बेतलेले असतात की दीर्घकाळात कॅसिनोचे पारडे जड राहते. थ्री कार्ड पोकरमध्ये अचूक खेळूनही सुरुवातीच्या पैजेवर सरासरी तीन टक्क्यांहून जास्त रक्कम कॅसिनोकडे जाते. तिर्रट येणाऱ्याला हे टेबल ओळखीचे वाटते, कारण तिथे सिक्वेन्स कलरपेक्षा मोठाच असतो. ओळखीचे वाटते म्हणून ते स्वस्त ठरत नाही.

मग खऱ्या पोकरमध्ये रेक सोडला तर बाकी पैसे कुठून येतात? टेबलावरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातून. पोकर रूममध्ये नेमाने येणाऱ्यांत मुंबई, पुणे, बंगळूरुचे मुरलेले खेळाडूही असतात. त्यांना सहलीवरचा पाहुणा हवाच असतो. ते वाईट लोक असतात असे नाही, गप्पाही छान मारतात. पण नऊ जणांत सर्वांत कच्चा कोण हे पहिल्या अर्ध्या तासात दिसले नाही, तर उत्तर काय ते समजून घ्यावे.

खेळायचे किती आणि कशावर?

कमी. डीलरच्या हातून तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात. हातात कुठलीही जोडी येण्याची शक्यता सतरात एक. म्हणजे तासाभरात दीड-दोनदा. दोन एक्के तर सरासरी २२१ डावांतून एकदाच, म्हणजे सात-आठ तासांतून एकदा. तीन पत्तीत दर सहा डावांत एक जोडी पाहायची सवय असलेल्याला हे फार रटाळ वाटते. आणि मग राणी-तिर्री, गुलाम-पंजी असले पत्ते ‘एकाच रंगाचे आहेत’ म्हणून खेळले जातात. नवख्याने दहापैकी जेमतेम दोन डाव खेळावेत: मोठ्या जोड्या, एक्क्याबरोबर राजा किंवा राणी, राजा-राणी, एवढ्यावर पहिली रात्र निभावते. बटनाच्या जवळ बसलेला असताना थोडे सैल खेळता येते, कारण शेवटी बोलणाऱ्याने इतरांचे सगळे पाहिलेले असते.

कंटाळ्याचीही किंमत ठरलेली आहे. ५०-१०० च्या नऊ जणांच्या टेबलावर एका फेरीत दोन ब्लाइंडचे मिळून १५० रुपये जातात. तासाला तीन फेऱ्या धरल्या तर काहीही न खेळता ४५० रुपये. हे भाडे समजून सोडून द्यायचे. ते वसूल करायला वाईट पत्त्यांवर पैसे लावले की ४५० चे ४,५०० होतात. थापेबाजीचा (ब्लफ) मोहही पहिल्या दिवशी नको. थाप विचार करणाऱ्याला मारता येते. दुसरा नवखा काहीही असले तरी कॉल देतोच.

दहा हजारांतले हातात किती?

पोकर टेबलावर बसण्याची किमान आणि कमाल रक्कम ठरलेली असते. मोठ्या ब्लाइंडच्या शंभरपट ही नेहमीची रक्कम, म्हणजे ५०-१०० च्या टेबलासाठी १०,००० रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये; म्हणजे जवळपास दोन क्विंटल सोयाबीन टेबलावर ठेवून बसायचे. (बाजारात हमीभाव मिळाला असेल तर!)

त्यावर कर. कॅसिनोतील चिप्सच्या पूर्ण रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. दिलेल्या पैशांतच कर धरला तर १०,००० पैकी सुमारे २,८५७ रुपये कराचे आणि ७,१४३ रुपयांच्या चिप्स. म्हणजे नुसते मुद्दलावर परत यायला ४० टक्के जिंकावे लागते. काही ठिकाणी कॅसिनो कराचा भार स्वतः उचलते किंवा प्रवेश शुल्कात फिरवते, तेव्हा कॅश काउंटरवर एकच सरळ प्रश्न विचारावा: ‘दहा हजार दिले तर पोकरच्या किती रुपयांच्या चिप्स मिळतील?’ खेळाडूने चिप्स परत केल्या तरी जीएसटीच्या हिशेबात त्यांची वजावट नाही. म्हणून एकदम जास्त घेऊन ठेवण्यात शहाणपण नाही. प्रवेश पॅकेजसोबत मिळणाऱ्या काही चिप्स एकदाच खेळण्यापुरत्या असतात. त्यांची रोख मिळत नाही आणि पोकर टेबलावर त्या सहसा चालत नाहीत. हेही काउंटरवरच विचारून घ्यावे.

जिंकलेच तर प्राप्तिकर. पत्त्यांच्या खेळातील बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर आहे. एका व्यवहारात १०,००० रुपयांपेक्षा जास्त जिंकले तर तो आधीच कापला जातो. शेतीचे उत्पन्न करमुक्त, एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत, यातले काहीही इथे कामी येत नाही. आणि एका रात्रीचा तोटा दुसऱ्या रात्रीच्या कमाईतून वजा करता येत नाही. स्पर्धेत (टूर्नामेंट) बसणाऱ्याला निदान एक निश्चिती असते: प्रवेश शुल्क गेले तर तेवढेच गेले. अट एकच, ‘री-एंट्री’ म्हणजे बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून बसण्याची सोय वापरायची नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला कॅश टेबलापेक्षा छोट्या शुल्काची स्पर्धा जास्त परवडते.

गावात गुन्हा आणि मांडवीत परवाना, असे कसे?

जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय असल्याने. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. अड्डा चालवणे, तिथे सापडणे, सार्वजनिक जागी पैशांवर पत्ते खेळणे हा गुन्हा ठरतो. राज्याने १९७६ मध्ये कॅसिनोंचे नियंत्रण व करआकारणीचा एक कायदा केला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्याने मात्र आपल्या १९७६ च्याच जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यांत्रिक खेळांना आणि पुढे जहाजांवर टेबलावरच्या खेळांनाही वाट करून दिली. म्हणून पणजीला मांडवी नदीत तरंगते कॅसिनो दिसतात आणि तिथे जायला धक्क्यावरून छोटी बोट पकडावी लागते. किमान वय २१ वर्षे, मूळ ओळखपत्र सोबत हवे. गंमत अशी की १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोमंतकीयांनाच कॅसिनोत खेळायला मनाई आहे. टेबले आहेत ती बाहेरून येणाऱ्यांसाठी.

पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद देशात मिटलेला नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने पोकरला जुगाराच्या व्याख्येतून वगळले, नागालँडने २०१६ मध्ये त्याला कौशल्याच्या खेळांत घेतले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटले. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेळाडूसाठी अर्थ इतकाच की ‘हा तर कौशल्याचा खेळ’ म्हणून गोव्यात शिकलेला डाव गावात पैशांवर मांडणे धोक्याचे आहे.

आणि फोनवर येणारे ‘लाइव्ह कॅसिनो’?

समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीत एखादी तरुणी कॅमेऱ्यासमोर पत्ते वाटताना दिसते, खाली ‘लाइव्ह कॅसिनो’ लिहिलेले असते. याचा मांडवीतल्या परवानाधारक कॅसिनोशी काही संबंध नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानुसार पैशांवरचा ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंद आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण परदेशातून चालणाऱ्या अशा संकेतस्थळावर अडकलेले पैसे मागायचे कुणाकडे, हा प्रश्न उरतोच. सराव करायचा तर खोट्या चिप्सवर चालणारी विनामूल्य ॲप पुरेशी आहेत, नाहीतर घरी चिंचोके आहेतच. हातांचा क्रम आणि पाळीची शिस्त पाठ व्हायला चार संध्याकाळी लागतात.

थांबायचे कधी?

ते कॅसिनोत ठरवायचे नसते. तिथे पेये आणि जेवण बहुधा पॅकेजमध्येच असते, बाहेरची वेळ कळत नाही आणि एटीएम कार्ड खिशात असते. रक्कम आणि उठायची वेळ गोव्याला निघण्याआधी ठरवून, कार्ड हॉटेलवर ठेवून, ठरलेली रोख तेवढी बरोबर न्यावी. उठताना चिप्स रॅकमध्ये भरून काउंटरवर द्याव्यात आणि पावती मागून घ्यावी. डाव सुरू असताना अर्ध्या चिप्स खिशात टाकून उरलेल्यांवर खेळत राहणे नियमात बसत नाही. एका टेबलावर हरलेले दुसऱ्या टेबलावर काढायला निघालेल्या मित्राला मात्र हाताला धरून बोटीत बसवावे.

सहल संपल्यावरही तीच रात्र डोक्यात फिरत असेल, हरलेले परत मिळवण्यासाठी उसनवारी सुरू झाली असेल किंवा घरी आकडे लपवले जात असतील, तर तो आजाराचा भाग असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचे व्यसन स्वतंत्रपणे नोंदलेले आहे आणि त्यावर उपचार होतात. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतून बोलता येते. फोन घरातल्या कुणीही केला तरी चालतो.